जुनी एम-वन गॅरंड: घेण्याआधी काय तपासावं, रेंजवर कशी चालवावी

ओहायोकर | शनिवार, रात्री ९.४०

ओहायोतल्या कॅम्प पेरी या रेंजवरची मॅच खेळून परवा घरी आलो आणि ओळखीतल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला: जुनी लष्करी गॅरंड घ्यायची आहे, काय बघून घ्यावी? तिघांना तीनदा सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. मी अमेरिकेचा नागरिक आहे आणि खालचं सगळं इथल्या कायद्याच्या चौकटीतलं आहे.

आधी रायफलीची ओळख. एम-वन गॅरंड अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारली. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस रायफल स्वतःच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, भरते. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या साध्या शिपायाला सर्रास अशी रायफल देणारा देश एकटा अमेरिका होता. बाकीच्या सैन्यांचं मुख्य हत्यार शेवटपर्यंत बोल्ट-ॲक्शनच राहिलं, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट दर गोळीला हाताने मागे-पुढे करायचा. ती घडवणारा जॉन गॅरंड जन्माने कॅनडातल्या क्यूबेकचा, नोकरीला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्र कारखान्यात. १९५७ पर्यंत ५४ लाखांच्या आसपास रायफली बनल्या. शोधाचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावेत म्हणून अमेरिकी संसदेत विधेयक आलं, ते मंजूरच झालं नाही. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

आता माझी चूक. पहिली गॅरंड मी एका शस्त्रप्रदर्शनात घेतली. अक्रोडाच्या लाकडाला आरशासारखी चकाकी, मागच्या बाजूला स्प्रिंगफील्डचा ठसा, आणि विकणारा छातीठोकपणे सांगत होता, 'सगळे नंबर जुळणारे आहेत.' मी भुललो. गॅरंडच्या फक्त रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट आणि नळी धरणाऱ्या मुख्य सांगाड्यावर, सिरियल नंबर असतो, बाकी कुठल्याच भागावर नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जुळणार काय आणि कशाशी? इतर भागांवर असतात ते आराखड्याचे क्रमांक. युद्धानंतर बहुतेक रायफली सरकारी कारखान्यांत उघडल्या गेल्या, झिजलेले भाग बदलले, जो भाग हाताला लागला तो बसवला आणि परत पाठवल्या. त्यामुळे अस्सल जुन्या रायफलीत स्प्रिंगफील्ड, विंचेस्टर, पन्नाशीच्या दशकातल्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, इंटरनॅशनल हार्वेस्टर अशा चारही घरचे भाग एकत्र सापडले तर बिचकू नका. उलट जी फारच 'एकाच घरची' दिसते तिच्याकडे दोनदा बघा.

ती रायफल मी क्लबातल्या एका वृद्ध माजी आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) नेली. त्यांनी चापाची कडी खाली ओढली आणि रायफल तीन तुकड्यांत टेबलावर आली. रिसीव्हर दिव्याखाली धरून त्यांनी आतल्या बाजूने अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'ही चालवू नकोस.' लाकडाने झाकलेल्या भागात आडवी रेघ होती. एकेकाळी सरकारने भंगारात काढून दोन तुकडे केलेला रिसीव्हर कुणीतरी वेल्ड करून पुन्हा जोडला होता. चेहऱ्यापासून चार इंचांवर ज्यात स्फोट होतो तो भाग! मी एकही गोळी न झाडता ती घरी आणली.

म्हणून पहिला नियम: लाकूड काढून दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता बाकीच्या गोष्टी, माझ्या लेखी महत्त्वाच्या क्रमाने.

हेडस्पेस. बोल्ट बंद असताना काडतुसाला पुढेमागे किती जागा उरते ते. .३०-०६ काडतुसासाठी तीन गेज मिळतात: गो १.९४० इंच, नो-गो १.९४६, फील्ड १.९५०. 'गो'वर बोल्ट बंद झाला पाहिजे. 'फील्ड'वर बंद झाला तर रायफल चालवायची नाही. तपासताना बोल्ट उघडा करून हलक्या हाताने बंद करायचा, स्प्रिंगच्या जोरावर आपटायचा नाही.

नळी. गॅरंड मागच्या बाजूने सहज साफ करता येत नाही, गज तोंडाकडूनच घालावा लागतो. लाखो जवानांनी तो घाईघाईत घातला, म्हणून कित्येक नळ्या गोळ्यांनी नाही, सफाईच्या गजाने तोंडाशी झिजल्या आहेत. तोंडाची झीज आणि चेंबरच्या पुढच्या घशाची झीज मोजायला वेगवेगळी मापकं असतात. आकडा जितका लहान तितकी नळी ताजी. मापक नसेल तर डमी (दारू नसलेलं) काडतूस टोकाकडून नळीत घालून बघा. गोळी जवळजवळ मानेपर्यंत आत गेली तर तोंड संपलंय. चाचणी ढोबळ आहे, पण मला एकदा वाचवलं आहे तिने. ऑपरेटिंग रॉड (तो पुढे सांगतो) मागे ओढला की उजव्या बाजूला नळीवर बनावटीचा महिना-वर्ष दिसतो; युद्धकाळातल्या विंचेस्टरच्या नळीवर मात्र तारीख नसते.

ऑपरेटिंग रॉड. नळीच्या तोंडाजवळच्या बारीक छिद्रातून वायू खाली येतो, या रॉडच्या टोकाला ढकलतो, रॉड मागे जाऊन बोल्ट फिरवतो आणि उघडतो. रॉड मुळातच वळणदार आहे, वाकडा झाला तरी नवख्याला कळत नाही. यासाठी झुकवून बघायची चाचणी: स्प्रिंग काढून रॉड आणि बोल्ट जोडा, रायफल पुढे-मागे झुकवा. दोन्ही आपल्या वजनाने सरकले पाहिजेत, कुठेही अडता कामा नये. युद्धकाळातले रॉड एका काटकोनी कोपऱ्यापाशी तडकत, म्हणून नंतर तिथे अर्धगोल खाच पाडली. ती खाच असलेला रॉड चालवायला चांगला. स्प्रिंगची लांबी १९ इंचांखाली आली असेल तर सरळ बदला, स्वस्त असते.

सेफ्टी आणि चाप. रिकामी रायफल, सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा: हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा हातोडा, पडता कामा नये. मग चाप दाबून धरून बोल्ट मागे-पुढे करा आणि चाप सावकाश सोडा: हॅमर पकडून ठेवलेला जाणवला पाहिजे. सुटला तर एका ओढीत दोन गोळ्या जाण्याचा धोका आहे, लगेच आर्मररकडे न्या.

बाकी प्रश्न विचारा.


सुभेदार_निवृत्त | रविवार, सकाळी ६.१५

ओहायोकर भाऊ, नमस्कार. सातारा जिल्हा, मराठा लाइट इन्फन्ट्री. गॅरंड कधी हातात घेतली नाही, पण आपलं वाचून बेळगावचं सेंटर डोळ्यांपुढं आलं. आमच्या टायमाला एस.एल.आर., म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल होती, इशापूरच्या कारखान्याची. ७.६२, वीस गोळ्यांचं मॅगझिन, भरल्यावर पाच किलोच्या आसपास. उस्ताद म्हणायचे, रायफल बोलते, ऐकायला शिका.

आमच्या रायफलीला गॅस रेग्युलेटर होता. रेती, चिखल, थंडी, कशानं पण रायफल मागं कमी यायला लागली की रेग्युलेटर फिरवून पिस्टनला गॅस वाढवायचा. बसवताना आधी इतका कमी करायचा की रायफल अडेल, मग एकेक क्लिक वाढवत आणायचा आणि ती नीट चालायला लागली की वर आणखी दोन क्लिक. दोनाच्या पुढं जायचं नाही, नाहीतर रायफल स्वतःलाच मारून घेते. ही गोष्ट तुमच्या गॅरंडला हाय का?

आणि सफाईचं तुम्ही लिहिलं ते सोळा आणे खरं. आम्हाला पुल-थ्रू आणि चिंदी. दोरी नळीच्या तोंडाला घासली की उस्ताद आख्ख्या सेक्शनला पळवायचे. शिक्षा वाटायची, आज कारण समजलं.


ओहायोकर | रविवार, सकाळी ८.०५

सुभेदारसाहेब, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. गॅरंडच्या दस्त्यातल्या कप्प्यातही दोरी आणि ब्रश असे. मी आता प्लास्टिकचं आवरण असलेला गज आणि तोंडावर बसणारी पितळी टोपी वापरतो, म्हणजे गज मध्येच राहतो.

रेग्युलेटरचा प्रश्न मुळावरच आहे. गॅरंडला रेग्युलेटर नाही. छिद्र ठरलेलं, वायू येईल तेवढा येईल. युद्धात ती चालली एम-टू बॉल काडतुसावर, १५० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). आजच्या शिकारीच्या जड गोळ्यांत बहुधा सावकाश जळणारी दारू असते. चेंबरमधला दाब नियमात असतो, पण गोळी छिद्रापाशी पोचते तेव्हा तिथला दाब जास्त असतो आणि तोच रॉड वाकवतो. खोक्यावर .३०-०६ लिहिलंय म्हणून घेऊ नका. 'गॅरंडसाठी' असं स्पष्ट छापलेली काडतुसं घ्या, अनेक कंपन्या बनवतात. घरी काडतुसं भरणारे ४८९५ नावाची दारू वापरतात, ती मूळ काडतुसाच्या जवळ जाते. वायूचा काही भाग बाहेर सोडणारा, जुळवता येणारा प्लगही मिळतो. तुमच्या पद्धतीनेच लावतात: पूर्ण उघडा, रायफल अडेल, मग थोडा थोडा बंद करत आणा.

आणि तुमच्या एस.एल.आर.चं घराणं सांगतो. ती बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीच्या फाल रायफलीवरून आली. फाल घडवणारा दियुदोने सेव्ह. त्याचीच त्याआधीची रायफल एफ.एन.-४९. तीही इथे जुन्या बाजारात मिळते. इजिप्तची ८ मिलिमीटरची, व्हेनेझुएलाची ७ मिलिमीटरची, बेल्जियमची .३०-०६. एकदा रेंजवर शेजाऱ्याची चालवली. बोल्ट मागून तिरका खाली बसतो, तसाच तुमच्या एस.एल.आर.मध्ये बसत असणार.


सुभेदार_निवृत्त | रविवार, सकाळी ८.४०

बरोबर. बोल्टची शेपटी खाली बसते आणि लॉक होते. डोळे बांधून खोलजोड केलीय, हाताला अजून याद आहे.


टेक्सासवासी | रविवार, दुपारी १.२०

गॅरंडचे भाव आता सगळ्यांना झेपत नाहीत, म्हणून एस.के.एस.बद्दल लिहितो. सोव्हिएत सिमोनोव्हची १९४५ची रायफल, ७.६२×३९ काडतूस, दहा गोळ्यांचं अंगातलंच मॅगझिन, पट्टीने भरायचं. रशियातल्या तुला आणि इझेव्हस्कच्या, चीनच्या टाइप ५६, युगोस्लाव्हियाच्या एम ५९/६६, अशा बऱ्याच फिरत आहेत.

माझ्याकडे युगोस्लाव आहे. बहुतेक रशियन नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो, युगोस्लाव नळीला नाही. म्हणून प्रकाश टाकून आत बघितल्याशिवाय घेऊ नका; जुन्या दारूने खाल्लेल्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्यात. दुसरं, हिच्या तोंडावर ग्रेनेड सोडायची सोय आहे आणि त्यासाठी गॅस बंद करायची झडप. ती झडप झिजून गळायला लागली की रायफल दर दोन गोळ्यांनी अडते आणि लोक स्प्रिंगा बदलत बसतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. या रायफली गोदामात कॉस्मोलिन नावाच्या घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. एस.के.एस.च्या फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईला, सहसा मागे ओढणारी स्प्रिंग नसते, ती सुटी असते. बोल्टच्या आत ग्रीस राहिलं तर पिन पुढे चिकटून बसते आणि बोल्ट बंद होताच काडतूस आपोआप उडतं. एकामागून एक मॅगझिन संपेपर्यंत उडू शकतं. म्हणून बोल्ट पूर्ण उघडा, उकळत्या पाण्याने धुवा आणि कानापाशी हलवा. पिनचा खडखड आवाज आला पाहिजे. मी आजही दर वेळी रेंजवर जाण्याआधी हलवून ऐकतो.


ओहायोकर | रविवार, दुपारी २.००

टेक्सासवासी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. गॅरंडचीही पिन सुटीच असते. म्हणून एकच काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडायचा नाही. मॅगझिनमधून वर येताना काडतूस बोल्टचा वेग खातं. हाताने टाकलं तर बोल्ट पूर्ण जोराने आदळतो. एकेक गोळी झाडायची असेल तर त्यासाठी एका गोळीची क्लिप (काडतूस धरणारी चौकट) मिळते.


गंजशत्रू | रविवार, रात्री ८.३०

मी धातूंचं काम करतो, बंदुकांचं नाही, पण 'जुन्या दारूने खाल्लेली नळी' हा माझा विषय. दारूचा दोष नसतो, दोष प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीचा. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठच आहे, जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. ते नळीच्या बारीक खळग्यांत बसतं आणि हवेतलं पाणी ओढतं. कोकणात खिडकीचे गज पावसाळ्याआधी कितीही रंगवा, खाडीच्या बाजूचे आधी फुलतात, तेच इथे नळीच्या आत घडतं.

लोक तेल मारतात आणि निर्धास्त होतात. तेलात मीठ विरघळत नाही. मीठ पाण्यातच जातं. म्हणून गरम पाणी, मग कोरडं, मग तेल, आणि त्याच दिवशी. गॅस जिथे जिथे जातो तिथे सगळीकडे: नळी, बोल्टचा चेहरा, गॅसची नळी, पिस्टन.

ओहायोकरांच्या वेल्डबद्दलही सांगतो. असा रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचा, वरून कठीण केलेला आणि आतून चिवट ठेवलेला असतो. कठीण साल झीज सोसते, चिवट गाभा धक्का सोसतो. कापताना आणि जोडताना पेटलेली ज्योत आजूबाजूच्या सालीचं आणि गाभ्याचं दोन्हीचं गणित मोडते. जोड बाहेरून कितीही सुबक असला तरी उष्णता कुठवर गेली ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय लांबी जराशी कमी-जास्त झाली तर बोल्टची दोन्ही कानं सारखी टेकत नाहीत, सगळा भार एकावर येतो. तुमच्या त्या आर्मरर आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्या रिसीव्हरचं पुढे काय केलंत?


एडिसनकर | सोमवार, सकाळी ७.५०

मी एच-वन व्हिसावर आहे. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याने गॅरंड चालवता येईल का? आणि सी.एम.पी. म्हणजे काय, त्यांच्याकडून स्वस्त मिळते असं ऐकलं.


ओहायोकर | सोमवार, सकाळी ८.३०

एडिसनकर, थांबा, हे नीट वाचा. एच-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारपरवाना. आणि 'बाळगणं' म्हणजे मालकीच नाही. रेंजवर तासाभरासाठी हातात घेतलेली रायफलही त्यात येते. मित्र म्हणतात 'कोण विचारतंय', पण गुन्हा दाखल झाला तर व्हिसा, नोकरी, सगळंच जाऊ शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

ग्रीन कार्ड असेल तर दुकानातून रीतसर घेता येते. सी.एम.पी., म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, ही संस्था मात्र फक्त नागरिकांना विकते, शिवाय संलग्न क्लबचं सदस्यत्व वगैरे कागद लागतात. हा मूळचा सरकारी कार्यक्रम, १९०३ सालापासूनचा. १९९६ मध्ये संसदेने तो खाजगी ना-नफा संस्थेकडे दिला. मित्रदेशांना दिलेल्या गॅरंड परत येतात त्या इथे. डेन्मार्क, ग्रीस, अलीकडे फिलिपाइन्स आणि तुर्कस्तान. त्यांचे आर्मरर मापं घेऊन प्रतवारी लावतात, वेल्ड केलेला रिसीव्हर गळ्यात पडण्याची भीती नाही. माझी दुसरी गॅरंड मी तिथूनच घेतली, आणि पहिलीही तिथूनच घ्यायला हवी होती.

राज्याचा कायदाही बघा. न्यू जर्सीत एम-वन कार्बाइन नावानिशी बंदीच्या यादीत आहे. ती वेगळी, छोटी रायफल, पण 'एम-वन' या नावामुळे लोक गल्लत करतात.


अनुजा_न्यूजर्सी | सोमवार, रात्री १०.१०

मला हे वाचताना त्रास झाला, म्हणून लिहिते. माझा मुलगा दुसरीत आहे. त्यांच्या शाळेत दिवे बंद करून, दाराला कुलूप लावून, कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव घेतात. घरी येऊन त्याने मला दाखवलं, कसं बसायचं ते. अशा देशात आपल्या माणसांनी बंदुकीच्या लाकडाची आणि ठशांची एवढ्या प्रेमाने चर्चा करावी, हे मला समजत नाही. भांडायला आले नाहीये. खरंच विचारते आहे.


ओहायोकर | सोमवार, रात्री ११.२५

अनुजाताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझ्या मुलीनेही तो सराव केलाय. टेबलाखाली बसून तिने मला 'बाबा, बोलायचं नाही' म्हणून खूण केली होती. त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि माझा छंद हे त्याचं उत्तर असू शकत नाही.

मी काय करतो ते सांगतो. रायफल पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आणि बायकोकडे, तिसरी नाही. घरी पाहुणे आले की कपाटाचा विषयही काढत नाही. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा तिला समोर बसवून सांगितलं की हे काय आहे आणि दुसऱ्याच्या घरी दिसलं तर हात न लावता बाहेर यायचं. खरेदीवेळची तपासणी आणखी कडक व्हावी या मताचा मी आहे आणि क्लबात ते उघड बोलतो, त्यावरून दोन जण माझ्याशी बोलत नाहीत.

मला हे आवडतं कारण माझ्या आजोबांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी मी वाढलो. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने कागदावर काढलेलं यंत्र आजही हाताने खोलता येतं, प्रत्येक झीज वाचता येते. तुम्हाला पटेल असं नाही. पण विचारलंत याबद्दल आभार.


अनुजा_न्यूजर्सी | मंगळवार, सकाळी ६.४५

सरळ उत्तर दिलंत. पटलं नाही, पण किल्ल्यांचं वाचून जरा बरं वाटलं. शेजारच्या घरी बंदूक आहे, तिथे खेळायला पाठवण्याआधी मी आता विचारणार आहे.


अळशी | मंगळवार, दुपारी १२.३०

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. फर्निचरचं काम करतो. जुन्या लष्करी दस्त्यांना पॉलिश पेपर लावू नका! ठसे त्या लाकडावरच असतात, तपासनिसाच्या आद्याक्षरांचे, दुरुस्ती कारखान्याचे. घासले की गेले. माझ्याकडे एकाने 'नवा करून द्या' म्हणून दस्ता आणला होता, मी परत पाठवला.

दबलेल्या खळग्यावर ओलं सुती कापड ठेवून इस्त्री टेकवा, वाफेने लाकूड फुगून वर येतं. ग्रीस निघत नसेल तर काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवा, घाम आल्यासारखं बाहेर येतं, पुसत राहा. मग अळशीचं उकळलेलं तेल, तळहाताने, पातळ. घासून गरम करायचं, चोवीस तास वाळू द्यायचं, पुन्हा. आणि तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, बोळे आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून मगच टाका.


ओहायोकर | मंगळवार, दुपारी १.१०

अगदी. आणि लाकूड नेमाशीही जोडलेलं आहे. चापाची कडी बंद करताना शेवटी हाताला चांगला जोर लागला पाहिजे. सहज खटकन बसली तर लाकूड दबलंय, रिसीव्हर आत हलतो आणि गोळ्या विखुरतात. तेव्हा नळीला दोष देऊ नका.


केतकी_पुणे | मंगळवार, रात्री ९.००

मी बालेवाडीला दहा मीटर एअर रायफल करते. आमचा ट्रिगर इतका हलका की श्वासाने सुटेल असं वाटतं. गॅरंडचा कसा असतो? इतक्या धक्क्यात नेम कसा धरता? आणि अंगठा चिरडतो म्हणतात ते खरं का?


ओहायोकर | मंगळवार, रात्री १०.४०

केतकी, तुझ्या खेळातली शिस्त इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. गॅरंडचा चाप दोन टप्प्यांचा. पहिला मोकळा प्रवास, मग भिंत, मग सुटका. मॅचमध्ये किमान साडेचार पौंड लागतो, म्हणजे सुमारे दोन किलो. तुझ्या बोटाला पहिल्या दिवशी दगड वाटेल. पण भिंतीपाशी थांबायची सवय तुला आहेच.

नेम धरायचं मागचं साइट म्हणजे बारीक भोक. त्यातून बघायचं, त्याच्याकडे बघायचं नाही. डोळा आपोआप मधोमध येतो. नजर पुढच्या साइटच्या माथ्यावर. निशाणाचा काळा गोल त्या माथ्यावर लिंबासारखा बसलेला दिसला पाहिजे. साइटच्या चाकाच्या एका क्लिकला शंभर यार्डांवर साधारण एक इंच, दोनशेवर दोन. पहिल्यांदा लावताना उंचीचं चाक तळापासून दहाएक क्लिक वर घेऊन शंभर यार्डांवर सुरुवात करावी, बहुधा कागदावर लागते.

धक्क्यापेक्षा धक्क्याची भीती वाईट. मी मित्राला क्लिप भरायला देतो आणि आठात एक-दोन डमी काडतुसं कुठेतरी घालायला सांगतो. डमीवर चाप ओढला की धक्का येत नाही, पण भ्यायलेला खांदा पुढे गेलेला स्वतःला दिसतो. पहिल्या दिवशी माझी नळी वीतभर खाली गेली होती.

अंगठ्याचं खरं आहे. आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून अंगठ्याने दाबायची, ती बसली की बोल्ट लगेच पुढे यायला मोकळा होतो. म्हणून उजव्या तळव्याची कड रॉडच्या हँडलला मागे टेकवून ठेवायची, क्लिप दाबायची, अंगठा वर काढायचा आणि मगच तळवा सोडायचा. कधी बोल्ट पूर्ण बंद होत नाही, तेव्हा हँडलला तळव्याने एक थाप. पण बहुतेक अंगठे भरताना जात नाहीत. सफाई करताना, मॅगझिनच्या तळाची पट्टी चुकून दाबली गेली की जातात.

आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' करून वर उडते. त्या आवाजाने शत्रूला कळायचं ही कहाणी फार फिरते. चारी बाजूंनी गोळीबार चालू असताना तो कुणाला ऐकू येणार, आणि शेजारचे दहा जण भरलेल्या रायफली घेऊन बसलेलेच असत. खरी अडचण वेगळी: अर्धी क्लिप झाली तर मध्येच दोन-चार काडतुसं भरणं फार जिकिरीचं.

आठच का, याचीही गोष्ट आहे. गॅरंडने आधी .२७६ या छोट्या काडतुसाची, दहा गोळ्यांची रायफल केली होती. १९३२ मध्ये लष्करप्रमुख मॅकार्थर यांनी काडतूस बदलायला नकार दिला, .३०चे साठे पडून होते. मग तेच यंत्र मोठ्या काडतुसासाठी पुन्हा करावं लागलं, आणि त्यात आठच मावली.


केतकी_पुणे | मंगळवार, रात्री ११.०५

डमी काडतुसांची युक्ती कोचना सांगणार. मॅच कशी असते?


ओहायोकर | बुधवार, रात्री ९.१५

जॉन गॅरंड यांच्याच नावाची मॅच, कॅम्प पेरीला, इरी सरोवराच्या काठी. दोनशे यार्ड. आधी पाच गोळ्या अंदाजाला, मग दहा सावकाश पालथं झोपून, दहा भरभर झोपून, दहा उभ्याने. एकूण तीनशे गुण. भरभरच्या फेरीत पहिल्या क्लिपमध्ये दोन गोळ्या आणि दुसरीत आठ, म्हणजे मध्ये भरणं आलंच. सकाळी सरोवरावरून वारा येतो, सगळ्या रांगेची लाल निशाणं एकदम फिरतात आणि शेजारचा म्हातारा काही न बोलता दोन क्लिक डावीकडे घेतो, ते बघून आपणही घ्यायचे. उभ्याने माझे नेहमी वीस-पंचवीस गुण सांडतात. यंदा २५३ झाले.

रायफलीला तेलापेक्षा ग्रीस लागतं, हे लिहायचं राहिलं. जे सरकतं त्याला ग्रीस: रॉडची खाच, बोल्टची कानं, रॉड नळीखाली जिथे घासतो ती जागा. पिस्टन आणि गॅस सिलेंडर मात्र कोरडे. क्लिप खराब असेल तर सातवी गोळी अडकते. क्लिपवर खडूने खूण करून ठेवा आणि दोनदा अडली तर फेकून द्या.


सुभेदार_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६.००

२५३ चांगले आहेत. उभ्या पोझिशनला डाव्या कोपराला बरगडीचा आधार द्या, हाताच्या जोरावर रायफल धरू नका, हाडावर ठेवा. आणि गंजशत्रू साहेबांनी विचारलं होतं त्या वेल्डच्या रिसीव्हरचं, ते सांगायचं राहिलं तुमचं.


ओहायोकर | गुरुवार, रात्री ८.५०

कोपराचं रविवारी करून बघतो, साहेब.

ती रायफल विकायला दोन जणांनी सुचवलं होतं, 'भिंतीवर लावायला म्हणून दे'. भिंतीवरून ती उद्या कुणाच्या तरी खांद्यावर जाणारच. मी स्प्रिंग, साइट, चापाचा संच काढून ठेवले; नळी आर्मरर आजोबांनी मापली, चांगली निघाली, ती एका दुरुस्तीत गेली. रिसीव्हर आम्ही दोघांनी त्यांच्या गॅरेजमध्ये ज्योतीने तीन ठिकाणी कापला. एक काप मुद्दाम जुन्या जोडावरूनच घेतला. आतलं वेल्ड वरच्या थरापुरतंच होतं, खाली भाकरीच्या पापुद्र्यासारख्या पोकळ्या आणि एका जागी करवंटीएवढं नाही, पण उडदाच्या दाण्याएवढं भोक. तो तुकडा आजोबांनी मागून घेतला. क्लबात नवीन कुणी रायफल दाखवायला आणली की तो आधी त्याच्या तळहातावर ठेवतात आणि मग लाकूड काढायला सांगतात.